साहेबांचा ‘रुम’ आणि आमचे अप्पा

डिक्टेशन चालू असताना क्लेग साहेब वाक्याच्या मध्येच थांबले. खिडकीतून खाली मिलच्या आवारात बघत राहिले. मी पेन्सिल वहीवर टेकवून वाट बघत बसलो. खाली आमचे स्टोअरकीपर वीरभद्रप्पा तेलाचा डबा नाकाशी धरून डोळे मिटून उभे होते. एक दीर्घ श्वास घेतला, डबा खाली ठेवला, दुसरा उचलला, त्याचाही घेतला. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत, उजव्या गुडघ्यावर जरा लचकत, स्टोअरच्या दिशेने गेले.

“रुम फेलो, दॅट,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “डोन्ट पुट दॅट इन.”

म्हणजे, हे लिहू नकोस.

मी तेव्हा सोलापूरच्या एका कापडाच्या मिलमध्ये मॅनेजरचा स्टेनो होतो. स्टेनोचं काम लोकांना जादूसारखं वाटतं, पण ते तसं साधं आहे. साहेब बोलतात त्या वेगाने कागदावर खुणा करायच्या आणि नंतर त्या वाचून टाइप करायचं. या खुणा आवाजाच्या असतात. त्यातही फक्त व्यंजनांच्या. स्वर म्हणजे बाजूला द्यायचे ठिपके आणि बारीक रेघा. घाईत ते कोणी देत नाही. त्यामुळे ‘लिहू नकोस’ ऐकू येईपर्यंत माझ्या हाताने ‘र’ आणि ‘म’ अशा दोन खुणा करूनही टाकल्या होत्या. मी त्या खोडल्या आणि साहेबांनी वाक्य पुढे चालू केलं.

मजकूर चांगला होता. आमचे हेड स्टोअरकीपर पेन्शनीत जाणार होते. त्यांच्या जागी वीरभद्रप्पांना नेमावं, असं साहेब मुंबईच्या एजंटांना कळवत होते. एजंट म्हणजे मिलचा कारभार चालवणारी शेठजींची पेढी. त्यांच्या मंजुरीशिवाय आमच्याकडे झाडूसुद्धा नवा येत नसे. साहेबांनी अप्पांची तारीफ केली होती. प्रामाणिक, दक्ष, मेहनती. सगळं ठीक होतं.

घोटाळा असा झाला, की दाराशी कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे गोसावी सहीसाठी ताटकळत उभे होते. आणि गोसाव्यांचे कान स्टेनोपेक्षाही तयार होते.

मी बाहेर आलो तसे ते माझ्या मागोमाग आले.

“ऐकलंत का ओ, साहेब काय म्हणला ते?”

“काय?”

“अप्पाला रम फेलो म्हणला की! रम! आणि वर तुम्हाला म्हणतो, लिहू नका. म्हणजे झाकतोय.”

“रम नाही, रुम म्हणाले ते.”

“रुम फेलो म्हणजे काय मग? खोलीतला माणूस?” गोसावी हसले. “अहो, आपला साहेब चहाच्या कपाला काय म्हणतो?”

“कुप.”

“सोमवारला?”

“मुंडे.”

“झालं तर. कप म्हणजे कुप, मंडे म्हणजे मुंडे, तर रम म्हणजे?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. क्लेग साहेब लँकेशायरचे. तिकडचे लोक ‘अ’च्या जागी ‘उ’ म्हणतात. मिलमध्ये नवा आलेला प्रत्येक कारकून पहिला महिनाभर साहेबांचं इंग्रजी आपल्याला येत नाही असं समजून खचलेला असे; मग त्याला ही किल्ली सापडे. तीच किल्ली गोसाव्यांनी आता माझ्यापुढे खुळखुळवली होती.

आता अप्पांविषयी सांगायला हवं, नाहीतर यात एवढं काय, असं वाटेल. वीरभद्रप्पा शुक्रवार पेठेत राहायचे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि अगदीच नाइलाज झाला तर इंग्रजी. रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आणि पेठेतल्या दारूबंदी मंडळाचे ते सेक्रेटरी होते. दर रविवारी संध्याकाळी चौकात एका स्टुलावर उभं राहून ते दारूच्या विरुद्ध बोलायचे. भाषण एकच असायचं, पण म्हणायचे मनापासून. पगाराच्या दिवशी मिलच्या गेटवर उभे राहून गुत्त्याकडे वळणाऱ्यांना ते हाताला धरून घरी पाठवत. काही जण त्यांच्या धाकाने मागच्या बोळातून गुत्त्याला जायचे. पण कित्येकांच्या बायका त्यांना देव मानत.

अशा माणसाला साहेब रम फेलो म्हणाले, ही बातमी दुपारच्या सुट्टीपर्यंत विणकाम खात्यात पोचली. संध्याकाळपर्यंत तिला पुरावेही फुटले.

अप्पांचे डोळे नेहमी लाल असायचे. इतके दिवस ते कापसाच्या धुळीने लाल होते, आता ते रमने लाल झाले. अप्पा लचकत चालायचे. तो गुडघा होता, आता तो गेलेला तोल झाला. अप्पा एकटेच कानडीत बोलत बोलत मागाचे धोटे मोजायचे. ते मोजणं आता बरळणं झालं. आणि डबा नाकाशी धरून डोळे मिटणं! त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. माणूस तोच होता, त्याच्या सवयी वर्षानुवर्षं त्याच होत्या. मध्ये फक्त एक शब्द आला होता.

“लोगां क्या बी बोलते,” साहेबांचे पट्टेवाले हुसेनचाचा मला म्हणाले. “अप्पा अन् शराब? मेरा तो यकीन नै बैठता. पण सायब बोले ना, सायब कैसा झूठ बोलेंगे?”

हीच खरी अडचण होती. गोसाव्यांनी म्हटलं असतं तर कोणी लक्ष दिलं नसतं.

त्या रविवारी मी मुद्दाम चौकात गेलो. अप्पा स्टुलावर चढले. घसा साफ करून “बंधूंनो,” म्हणाले, तोच मागून कोणीतरी ओरडलं, “अप्पा, आधी वास तर घेऊ द्या की आमाला!”

हशा पिकला. अप्पांना काही कळेना. ते थोडे हसलेसुद्धा. मग पुढच्या रांगेतल्या एकाने हळूच त्यांना सांगितलं, मिलमध्ये काय बोललं जातंय ते. अप्पा ऐकत होते तेव्हा मी त्यांचा चेहरा बघत होतो. ते रागावले नाहीत. स्टुलावरून उतरले, स्टूल काखेत मारलं आणि घरी निघून गेले.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी आले.

“सदू, माझा राजीनामा टाइप करून दे.”

“अप्पा, जरा बसा तर.”

“बसायचं काय हाय त्यात? साहेब म्हणला का न्हाई, तेवढं तू सांग. तू होतास तितं.”

काय सांगणार? स्टेनोगिरीचा पहिला नियम असा, की साहेब ‘लिहू नकोस’ म्हणाले की ते आपण ऐकलंच नाही असं धरायचं. माझ्या आधीच्या स्टेनोची नोकरी अशीच एक गोष्ट घरी जाऊन बायकोला सांगितल्याने गेली होती. बायकोने ती शेजारणीला सांगितली, आणि शेजारणीचा नवरा नेमका आमच्याच अकाउंट्स खात्यात.

“टाइपरायटरची रिबन तुटलीय,” मी म्हटलं. “उद्या देतो.”

“मग म्हणलाय,” अप्पा म्हणाले आणि गेले.

मला एक गोष्ट कळत नव्हती. ज्याला साहेब दारुडा समजतात, त्याला बढती द्या म्हणून ते एजंटांना कसं लिहितील? म्हणजे या शब्दात काहीतरी वेगळं होतं. ऑफिसमधली डिक्शनरी उघडली. लहान होती. तिच्यात रम म्हणजे उसाच्या मळीपासून होणारं मद्य, एवढंच. संध्याकाळी हायस्कुलातल्या माझ्या जुन्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, वाक्य दोनदा म्हणून पाहिलं आणि निकाल दिला.

“रम हे नाम आहे. ते फेलोच्या आधी विशेषण म्हणून येऊच शकत नाही. तुझ्या साहेबाचं व्याकरण कच्चं आहे.”

“साहेब इंग्लंडचे आहेत, सर.”

“म्हणून काय झालं? आपल्याकडे सगळ्यांना मराठी येतं का?”

तेही खरंच होतं, पण माझ्या उपयोगाचं नव्हतं.

मग मी ठरवलं की साहेबांकडूनच हा शब्द काढून घ्यायचा, पण न विचारता. ते बोलतील तेव्हा कान टवकारून बसायचं. बोली शब्दाची एक सवय असते. माणूस तो एकदा वापरून थांबत नाही, दिवसभर वापरतो. आजवर माझं लक्ष नव्हतं एवढंच.

मंगळवारी भर उन्हाळ्यात अचानक आभाळ भरून आलं, जरा गडगडलं आणि एक थेंबही न पडता पुन्हा ऊन पडलं. साहेब कॉलर सैल करत म्हणाले, “रुम वेदर.” मी मनात नोंद केली. हवा दारू पीत नाही. मग अर्थ काय असेल? खराब?

दुपारी विणकाम खात्यातून फेरी मारताना एक माग खडखडण्याऐवजी शीळ घातल्यासारखा वाजत होता. साहेब थबकले. “रुम नॉइज,” म्हणाले. खराबच असणार, असं मला वाटलं. पण मग अप्पाही खराब? पुन्हा तिथेच येऊन पोचलो.

दुसऱ्या दिवशी सह्यांचे कागद घेऊन बंगल्यावर गेलो होतो. साहेबांनी नुकताच एक पोपट पाळला होता. खानसामा त्याला मिरची देत होता आणि पोपट मान फिरवत होता. खानसाम्याने पावाचा तुकडा दिला, तो मात्र पटकन घेतला.

“रुम बर्ड,” साहेब अगदी प्रेमाने म्हणाले आणि त्याच्या डोक्यावर बोट फिरवलं.

मी तिथेच उभा राहिलो. मिरची न खाणारा पोपट. न पडणारा पाऊस. शीळ घालणारा माग. आणि तेलाचे डबे हुंगणारे अप्पा. यात दारूही नव्हती आणि खराबही काही नव्हतं. नेहमीसारखं नव्हतं, इतकंच.

धावत स्टोअरमध्ये जावं असं वाटलं. पण जाऊन सांगणार काय? की अप्पा, साहेब तुम्हाला दारुडे म्हणाले नाहीत, विक्षिप्त म्हणाले, आणि याला पुरावा काय, तर पोपट?

मी हा विचार करत ऑफिसात परत आलो तोवर उशीर झाला होता. माझ्या रिबनीला कंटाळून अप्पांनी राजीनामा स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि साहेब गाडीतून माझ्याआधी पोचताच ते आत शिरले होते. आतून साहेबांची हाक आली. अप्पांचं इंग्रजी आणि साहेबांचं मराठी यांची गाठ पडत नव्हती, म्हणून मी हवा होतो.

आत गेलो. साहेब हातातला कागद उलटसुलट करत होते.

“हा माणूस सोडून का चाललाय? मी त्याची बढती सुचवली आणि हा राजीनामा देतोय?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताठ उभे राहून त्यांनी तयार करून आणलेलं वाक्य म्हटलं, “सर, आय नो ड्रिंक.”

“नॉर डू आय,” साहेब गोंधळून म्हणाले. मीही पीत नाही.

“सर, नेव्हर ड्रिंक!”

“पण तू पितोस असं म्हणतंय कोण?”

अप्पांनी बोट उचललं आणि टेबलापलीकडे साहेबांकडे रोखलं. सबंध मिलमध्ये असं बोट कोणी रोखलं नसेल. दाराबाहेर हुसेनचाचांच्या हातातल्या बशा वाजल्या.

“मी?” साहेब उठून उभे राहिले. “मी कधी म्हणालो?”

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. नोकरी जाते तर जावो, असं म्हणण्याइतका मी शूर नव्हतो. पण अप्पांचं ते रोखलेलं बोट बघवत नव्हतं. मी सांगून टाकलं. “सर, त्या दिवशी डिक्टेशनच्या वेळी आपण यांना रुम फेलो म्हणालात. ते बाहेर गेलं. माझ्याकडून नाही. पण इथे रम म्हणजे फक्त दारू.”

साहेब जे हसायला लागले ते खुर्चीतच बसले. डोळ्यांतून पाणी आलं. रुमाल काढला. मग त्यांची नजर अप्पांवर गेली. अप्पांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं नव्हतं. साहेबांचं हसू तिथेच थांबलं.

“याला सांग,” ते हळू म्हणाले, “आमच्याकडे रुम म्हणजे चार लोकांसारखा नसलेला. निराळ्या तऱ्हेचा. आमच्या गावी हे रोजच्या बोलण्यात येतं. माझे वडील तसेच होते. माझी बायको मलाही तसंच म्हणते. आणि हेही सांग, की मी चॅपलमध्ये, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या पंथात, वाढलेला माणूस आहे. लहानपणी आईसमोर न पिण्याची शपथ घेतली, ती अजून मोडलेली नाही. क्लबात माझ्या ग्लासात लिंबूपाणी असतं म्हणून सगळे मला हसतात.”

मी सांगितलं. अप्पांनी ते नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे दारुडा न्हाई म्हणला?”

“नाही.”

“तऱ्हेवाईक म्हणला?”

“तसंच काहीसं.”

अप्पांनी विचार केला. “मग हरकत न्हाई. तसं घरी बी म्हणत्यात.”

पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पर का म्हणून? मी तऱ्हेवाईक काय केलं, विचार की त्यांना.”

साहेबांनी तेलाचे डबे हुंगण्याचं सांगितलं. आता अप्पा खरे पेटले. दारूच्या आरोपाने ते खचले होते. या आरोपाने त्यांना जोर आला. “वास घेतल्याबिगर भेसळ कळंल काय? स्पिंडल ऑइलमध्ये रॉकेल घालत्यात ह्ये कंत्राटदार. डोळ्याला दिसत न्हाई. नाकाला कळतं. चला, दावतो!”

मॅनेजर साहेबांना ‘चला’ म्हणण्याचा हा दुसरा विक्रम. पण साहेब निघाले. खाली स्टोअरच्या दारात अप्पांनी डब्यांची झाकणं उघडली. साहेबांनी एका डब्यात नाक घातलं, मग दुसऱ्यात. डोळे मिटले. अप्पा शेजारी वाकून म्हणत होते, “ह्यो चांगला. आता ह्यो बघा, लई उग्र.” साहेबांनी पुन्हा पहिला हुंगला. सुट्टीचा भोंगा झाला होता. खात्याखात्यांतून माणसं बाहेर येत होती आणि जागच्या जागी उभी राहत होती. गोसावीही त्यात होते. मॅनेजर आणि स्टोअरकीपर डोक्याला डोकं लावून डबे हुंगताहेत, हे दृश्य त्यांनी तोंड उघडं ठेवून पाहिलं. पुराव्याचं आता काय करावं हे त्यांना सुचत नसावं.

साहेब ताठ झाले, नाकाच्या शेंड्याला तेल लागलेलं. त्यांनी अप्पांच्या खांद्यावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “यू आर अ ब्रिक, अप्पा!”

आवारात कुजबुज सुरू झाली. ब्रिक हा शब्द सगळ्यांना येत होता. मिलच्या मागे नव्या शेडचं बांधकाम चालू होतं आणि ब्रिकांच्या गाड्या रोज येत होत्या.

अप्पांनी माझी बाही ओढली. “आता ह्ये काय? वीट?”

“वीट म्हणाले खरं.”

“वीट आला म्हणतो काय माझा?” अप्पांचा चेहरा पुन्हा उतरायला लागला. “इतक्यात? आत्ता तर नीट बोलत होता.”

मागे गोसाव्यांनी मान पुढे काढलेली मला दिसली. या वेळी मी वेळ घालवला नाही. सगळ्यांसमोर सरळ विचारलं, “सर, ब्रिक म्हणजे काय?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे देवा! ब्रिक म्हणजे भरवशाचा माणूस. पक्का. ज्याच्यावर भिंत उभी राहते असा.”

मी ते मोठ्याने मराठीत सांगितलं. मागून तेलुगू बोलणाऱ्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, ते आपल्या लोकांना तेलुगूत सांगितलं. हुसेनचाचांनी “वा, सायब, वा!” केलं. अप्पांनी राजीनाम्याचा कागद मागून घेतला आणि नुकत्याच उघडलेल्या डब्याच्या तोंडावर बोळा करून बसवला. झाकण कुठे गेलं ते सापडत नव्हतं.

एजंटांची मंजुरी आली. अप्पा हेड स्टोअरकीपर झाले. तेलाच्या कंत्राटदाराला साहेबांनी हाकललं. पुढच्या रविवारी चौकात अप्पा स्टुलावर चढले तेव्हा खाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. लोक गंमत बघायला आले होते. अप्पांनी घडलेलं सगळं स्वतःच सांगितलं आणि शेवटी म्हणाले, की आपल्या मिलचा गोरा साहेब क्लबात बसून लिंबूपाणी पितो, तर तुम्हाला काय झालंय? त्यांच्या त्या एकाच भाषणाला इतक्या वर्षांनी नवा मजकूर मिळाला होता, आणि तो त्यांनी पुढे पेन्शनीत जाईपर्यंत पुरवला. गोसावी गर्दीत होते. ते सर्वांना सांगत होते, की साहेब अप्पांना ‘रुम’ म्हणाले तेव्हा मी स्वतः दाराशी उभा होतो.

माझी नोकरी गेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की यापुढे मी काही विचित्र बोललो तर तिथल्या तिथे विचारत जा. मी ते मनावर घेतलं. त्यानंतर बरेच साहेब आले आणि गेले. त्यांच्या लांबलचक, जडजंबाळ शब्दांनी मला कधी अडचणीत टाकलं नाही. त्यांच्यासाठी डिक्शनरी होती. पण एखादा आखूड, रोजच्या बोलण्यातला शब्द कानावर आला, की मी पेन्सिल खाली ठेवायचो आणि म्हणायचो, “सर, म्हणजे काय?” काही साहेब यावर चिडत. चिडू द्यायचो. साहेब अर्ध्या तासात शांत होतो. मिलभर पसरलेला शब्द गोळा करायला आठवडा जातो.